कन्येचा वाटा: एका कायद्याची नव्वद वर्षांची वाटचाल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्हास प्रथम संकोचच वाटला. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे, कायदेपंडित तर नव्हेच नव्हे. बी.ए.ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे फायलींच्या सहवासात काढली, एवढेच आमचे भांडवल. परंतु या तीस वर्षांत एक गोष्ट मात्र जवळून पाहावयास मिळाली. कोणताही नियम एका दिवसात बदलत नाही आणि तो एका माणसाने बदललेला नसतो. कुणी तक्रार करतो, कुणी टिपणी लिहितो, कुणी मसुदा करतो, कुणी त्यावर प्रतिकूल शेरा मारतो; फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, कधी वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते आणि एके दिवशी तिच्यावर अखेरची स्वाक्षरी होते. स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव तेवढे लोकांच्या ध्यानात राहते.

देशाच्या कायद्याचेही असेच आहे. ते कसे घडते हे सांगण्यासाठी आम्ही एकच उदाहरण निवडले आहे: वडिलोपार्जित मालमत्तेतील कन्येचा वाटा. हा विषय निवडण्याचे कारण असे की, तो आपणा सर्वांच्या घरचा आहे. गणेशोत्सवात आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला की आपल्या मंडळात वडीलधाऱ्यांचा जो घोळका जमतो, त्यातील बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. गावाकडच्या घराचे काय केले? सातबारावर नाव लागले का? बहिणींच्या सह्या झाल्या का? मुलुख सोडून आपण कितीही दूर आलो तरी मनाने आपण त्या उताऱ्यावर नांदतच असतो. विषय निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. ते आमच्या स्वतःच्या घरचे आहे, आणि लेखाच्या शेवटी ते सांगितल्यावाचून आमची सुटका नाही.

मुळापासून आरंभ करावयाचा तर कल्याणीस जावे लागते. आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण म्हणून जे गाव आहे, ती चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ मान्य झाला; उर्वरित भारतात बहुतेक ठिकाणी मिताक्षरेचा अंमल चालला. मिताक्षरेचा गाभा असा की, वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होतो. बाप, पुत्र, नातू, पणतू हे एकमेकांचे सहदायाद. त्यांतला एक निवर्तला की त्याचा हिस्सा उरलेल्यांत विलीन होतो. या वर्तुळात कन्येला जागा नव्हती. तिचे पालनपोषण व विवाह ही कुटुंबाची जबाबदारी. त्यापलीकडे तिचे स्वामित्व स्त्रीधनापुरते.

शास्त्र म्हणजे न हलणारा पाषाण, असे मात्र समजण्याचे कारण नाही. टीका लिहिणे हीच त्या काळी कायदा बदलण्याची रीत होती. जुने वचन तसेच ठेवावयाचे आणि त्याचा अर्थ काळाला मानवेल असा लावावयाचा. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मिताक्षरेसोबत हा ग्रंथ प्रमाण मानला आणि त्यामुळे आपल्याकडे वारस म्हणून आलेल्या कन्येची व बहिणीची स्थिती इतर प्रांतांहून पुष्कळ बरी राहिली. पुत्र नसेल तर कन्येला पित्याची स्वतंत्र मालमत्ता पूर्ण मालकी हक्काने मिळे. इतर प्रांतांत ती केवळ हयातीपुरती मिळे. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली मयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मुलुखाबाहेर जाऊन राहिलेल्या एका मराठी घराण्याचा ग्रंथ मुलुखातल्या लेकीबाळींच्या उपयोगी पडला, ही गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतस्थांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि ही सवलत पुत्र नसतानाची. पुत्र असेल तर कन्या बाहेरच. तो दरवाजा किलकिला करण्यास विधिमंडळाचाच आधार घ्यावा लागला.

पहिले पाऊल १९२९चे. त्या वर्षीच्या कायद्याने मिताक्षरेच्या वारसक्रमात पुत्राची कन्या, कन्येची कन्या, बहीण आणि बहिणीचा पुत्र यांना दूरच्या पुरुष नातलगांच्या आधी स्थान दिले. पाऊल लहान होते. पण धर्मशास्त्राच्या वारसक्रमात सरकारी कायद्याने हात घालता येतो, हे त्याने दाखवून दिले. दुसरे पाऊल डॉ. गोपाळराव देशमुखांचे. मुंबईचे हे नामांकित शस्त्रवैद्य मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य होते. सरकारने नव्हे, तर त्यांनी खासगी सदस्य या नात्याने विधेयक आणले आणि १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्काचा कायदा संमत झाला. विधवेला पतीच्या मालमत्तेत पुत्राएवढा वाटा मिळाला. पण तो हयातीपुरता. आणि कन्येला त्या कायद्यात स्थान मिळालेच नाही. शिवाय शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय असल्याने हा कायदा शेतजमिनीस लागू होत नाही, असे मत फेडरल कोर्टाने १९४१ साली दिले. शेतीप्रधान देशात शेतजमीन वगळल्यावर हाती काय उरले, हे सांगावयास नको.

हे घडत असता सभागृहाबाहेरही हालचाल चालू होती. १९२७च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षस्थानी होत्या. परिषद भरली होती ती स्त्रीशिक्षणाचा विचार करण्यासाठी. पण शाळेचा प्रश्न काढला की बालविवाहाचा प्रश्न निघतो आणि बालविवाहाचा काढला की वारसाहक्काचा. १९३४ साली परिषदेने स्त्रियांच्या कायदेशीर अपात्रतांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा, अशी मागणी केली. संस्थानांनी तर याबाबत इंग्रज सरकारला मागे टाकले. म्हैसूरने १९३३ साली हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. मोठे राज्य धजत नाही तेथे लहान राज्य आधी करून दाखवते, ही गोष्ट पुढेही आपणास आढळेल.

देशमुखांच्या कायद्यातील उणिवा दूर करण्यासाठी सरकारने १९४१ साली सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. न्यायमूर्ती द्वारकानाथ मित्तर, पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे आणि बडोद्याचे राजरत्न वासुदेव विनायक जोशी हे सदस्य. चौघांत दोघे मराठी. समितीने विचार करून असे सांगितले की, फाटक्या वस्त्राला ठिगळे लावण्यात अर्थ नाही. संपूर्ण हिंदू कायदाच टप्प्याटप्प्याने सुसंगतपणे लिहून काढावा. १९४४ साली तिचे पुनरुज्जीवन झाले, मसुदा तयार झाला, त्याची देशी भाषांतून भाषांतरे झाली, आणि १९४५च्या आरंभी समिती मुंबई, पुणे, नागपूर, कलकत्ता, मद्रास, लाहोर अशा शहरी लोकांचे म्हणणे ऐकत फिरली.

या साक्षींचे महत्त्व फार आहे. सुधारक आले तसे सनातनीही आले. महिला परिषद अनुकूल बोलली, तर स्त्रियांच्याच काही संस्था प्रतिकूल बोलल्या. विरोधकांचे आक्षेप आजही आपल्या कानांना ओळखीचे वाटतील. जमिनीचे तुकडे होतील. जावई घरात शिरेल. भावा-बहिणीचे प्रेम आटेल. आणि कन्येला सासरी मिळतेच, मग माहेरी कशाला? समितीतही एकमत झाले नाही. न्यायमूर्ती मित्तरांनी भिन्नमतपत्रिका जोडली. बहुमताने मात्र जन्मसिद्ध हक्काची मिताक्षरी कल्पनाच काढून टाकावी आणि पित्याच्या मालमत्तेत पुत्राबरोबरच कन्येलाही, निम्मा का होईना, वाटा द्यावा, असे सुचविले.

पुढचा अध्याय सर्वांस परिचित आहे. स्वतंत्र भारताचे पहिले विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू संहितेचे विधेयक हाती घेतले. १९४८ साली ते प्रवर समितीकडे गेले आणि कन्येचा निम्मा वाटा तेथे पुत्राच्या बरोबरीचा झाला. त्यावर जे वादळ उठले ते तीन वर्षे शमले नाही. सभागृहात भाषणांमागून भाषणे झाली, बाहेर मोर्चे निघाले, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांचाही या विधेयकास विरोध होता. निवडणूक तोंडावर आली असता, मोजकी कलमे संमत झाल्यावर सरकारने विधेयक बाजूला ठेवले. सप्टेंबर १९५१मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांनी आपल्या राजीनाम्याची जी कारणे सांगितली, त्यांत हे एक प्रमुख होते. स्वतःच्या समाजाच्या नव्हे, तर सर्व हिंदू समाजाच्या लेकींच्या वाट्यासाठी एका मंत्र्याने खुर्ची सोडली, ही नोंद आपल्या इतिहासात ठळक अक्षरांनी असावयास हवी.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंडित नेहरूंच्या सरकारने तेच विधेयक चार भागांत विभागून आणले. ते संसदेतून पार नेण्याचे काम मुख्यतः आपल्या खानदेशच्या हरिभाऊ पाटसकरांकडे आले. याच सुमारास मयूखाचे संपादक आणि धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. स्त्रीच्या हाती आलेली मालमत्ता हयातीपुरती न राहता पूर्ण मालकीची झाली. आणि पित्याच्या स्वतंत्र मालमत्तेत कन्या, पुत्र, विधवा व माता हे एकाच पायरीवरचे वारस झाले. पण राव समिती आणि बाबासाहेब जे काढून टाकू पाहत होते ते मिताक्षरेचे एकत्र कुटुंब, पुत्राच्या जन्मसिद्ध हक्कासह, तसेच राहिले. ही तडजोड होती. विधेयक पार पडावयाचे तर ती करणे भाग होते, असे म्हणणारे म्हणतात.

या तडजोडीचा हिशेब आम्ही एका उदाहरणाने मांडतो. समजा, वडिलोपार्जित जमीन ९ एकर आहे. पत्नी पूर्वीच निवर्तली, दोन पुत्र व एक कन्या मागे ठेवून पिता मृत्युपत्र न करता वारला. १९५६च्या कायद्याने प्रथम पिता व दोन पुत्र यांत कल्पित वाटणी करावयाची. प्रत्येकी ३ एकर. मग पित्याच्या ३ एकरांचे तिन्ही अपत्यांत समान भाग पाडावयाचे. प्रत्येकी १ एकर. म्हणजे पुत्रांस ४ व ४ एकर आणि कन्येस १ एकर. शिवाय राहत्या घराची वाटणी बंधूंनी केली नाही तोवर तिला ती मागता येत नसे. आणि अविवाहित, विधवा वा परित्यक्ता असेल तरच तिला त्या घरात राहण्याचा हक्क असे.

समतेचा दावा करणाऱ्या संविधानाखाली ही ‘चार, चार आणि एक’ अशी वाटणी पुढील जवळजवळ पन्नास वर्षे देशाच्या मोठ्या भागात चालू राहिली.

मधल्या काळात काय झाले? आपल्या मंडळाचा पाया घातला जात होता, त्याच सुमारास एक अहवाल प्रसिद्ध झाला. भारतातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने १९७१ साली समिती नेमली होती. फूलरेणू गुहा अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४च्या अखेरीस तिने ‘समतेकडे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल सादर केला आणि पुत्राचा जन्मसिद्ध हक्क रद्द करावा, असे पुन्हा एकवार सांगितले. केंद्राने तत्काळ काही केले नाही. केले ते राज्यांनी. वारसाहक्क हा संविधानाच्या समवर्ती सूचीतील विषय असल्याने त्यांना ते शक्य होते. केरळने १९७५च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबाची पद्धतीच मोडीत काढली. आंध्र प्रदेशाने १९८६ साली वेगळा मार्ग धरला: पद्धत ठेवली, पण कन्येलाही पुत्राप्रमाणेच जन्मतः सहदायाद केले. तमिळनाडूने १९९० साली आंध्राचे अनुकरण केले आणि १९९४ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांनी. महाराष्ट्राचा कायदा २२ जून १९९४पासून लागू झाला. राज्याचे पहिले महिला धोरणही त्याच वर्षीचे. मात्र त्या दिनांकापूर्वी विवाह झालेल्या कन्यांना तो लागू नव्हता. मांडवातून उठून गेलेली लेक अद्यापही हिशेबाबाहेरच होती.

आता विधी आयोगाकडे वळू. १८३३च्या सनदी कायद्यानुसार मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली पहिला आयोग नेमला गेला. स्वातंत्र्योत्तर काळातील पहिला आयोग १९५५ साली मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला. त्यानंतर ठराविक मुदतीचे आयोग एकामागून एक येत गेले. त्यांच्या हाती कायदा करण्याची सत्ता नाही. ते प्रश्नावली काढतात, मते मागवितात, अभ्यास करतात, अहवाल देतात. सरकारने तो स्वीकारलाच पाहिजे असे बंधन नाही. आमच्यासारख्या कारकुनी पेशातील माणसास अशा अहवालांचे मोल ठाऊक असते. फाइल पुढे सरकावयाची वेळ येते तेव्हा कुणीतरी विचारतो, ‘यावर पूर्वी काही अभ्यास झाला आहे काय?’ आणि त्या वेळी कपाटातला अहवाल कामास येतो. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मे २०००मध्ये आपला १७४वा अहवाल स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्कांवर दिला आणि कन्येला सर्व देशात सहदायाद करण्याची शिफारस केली.

चार वर्षांनी, डिसेंबर २००४मध्ये, त्या धर्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्यात दोन उणिवा होत्या. पूर्वी विवाह झालेल्या कन्या वगळलेल्या होत्या. आणि शेतजमिनीच्या काही हक्कांचा वारसा राज्यांच्या कायद्यांवर सोडणारे जुने पोटकलम तसेच होते. विधेयक संसदेच्या स्थायी समितीपुढे गेले. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी व महिला संघटनांनी निवेदने दिली, खासदारांच्या भेटी घेतल्या आणि स्त्रीच्या हाती जमीन नसण्याने घराचे काय होते ते पटवून दिले. अखेर कायदा संमत झाला तेव्हा दोन्ही उणिवा दूर झालेल्या होत्या. राहत्या घराविषयीची अटही गेली. ९ सप्टेंबर २००५पासून कन्या, विवाहित असो वा अविवाहित, जन्मतः सहदायाद ठरली. वरच्या उदाहरणातील ९ एकरांचे आता प्रथम चार भाग होतात आणि पित्याच्या भागाचे पुन्हा तीन. हिशेब करून पाहावा. प्रत्येक अपत्याच्या वाट्यास नेमके ३ एकर येतात. चार, चार, एकऐवजी तीन, तीन, तीन.

तरीही काम संपले नव्हते. कायद्याचे शब्द संसद लिहिते. त्यांचा अर्थ न्यायालय लावते. २००५पूर्वीच पिता वारला असेल तर काय, या प्रश्नावर निरनिराळी मते निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालाने अशा कन्यांना लाभ नाकारला. २०१८च्या निकालाचा रोख वेगळा होता. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, कन्येचा हक्क जन्माने येतो. त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही. ‘वाटणी तोंडी झाली होती’ असे नुसते सांगून कन्येस डावलता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेले व्यवहार व वाटण्या अबाधित राहिल्या.

१९२९ ते २०२०. एक शस्त्रवैद्य, एक महिला परिषद, दोन संस्थाने, एक राव समिती, राजीनामा देणारा एक विधिमंत्री, पाहणी समिती, पाच राज्ये, विधी आयोग, स्थायी समिती आणि सर्वोच्च न्यायालय. इतक्यांचे हात लागले तेव्हा कन्येचा एक एकर तीन एकरांचा झाला.

आणि आता आमच्या घरची गोष्ट. वरचे ९ एकरांचे उदाहरण आम्ही कल्पनेने रचलेले नाही. ती आमचीच सातारा जिल्ह्यातील जिरायत जमीन. आम्ही दोघे भाऊ आणि आमची थोरली बहीण अक्का. तिचा विवाह १९८६ साली झाला. आई आधीच गेली होती. वडील २००८च्या पावसाळ्यात गेले. आम्ही परप्रांतातून रजा काढून गावी पोहोचलो. दिवसकार्य आटोपले आणि रजेचे चार दिवस उरले असता वारसनोंदीचे काम हाती घेतले. ज्याला-त्याला विचारले, तो-तो एकच सांगे: ‘आधी बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे पुढे कटकट नाही.’ कागद तयार झाला. अक्का आली, तिने सही केली, आम्ही तिला साडीचोळी केली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले ते वडिलांच्या आठवणीने, असे आम्ही समजलो.

२००५च्या कायद्याची आम्हास माहिती नव्हती काय? होती. तो संमत झाला त्या वर्षी आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता, कचेरीत त्यावर चर्चाही केली होती. समतेच्या बाजूने बोललोही होतो. परंतु गावच्या त्या ओसरीवर तो कागद अक्कापुढे ठेवताना, ‘यात तुझे तीन एकर आहेत’ हे एक वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. हक्कसोडपत्र बेकायदा नव्हे. जाणतेपणी व स्वखुशीने हक्क सोडण्याची मुभा कायदा देतोच. पण आम्ही तिला जाणतेपण दिले नव्हते, आणि स्वखुशी गृहीत धरली होती.

२०२०च्या ऑगस्टमध्ये, घरीच अडकून पडलो असता, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचे वृत्त वाचले आणि त्या रात्री अक्काला फोन केला. पुष्कळ आढेवेढे घेऊन विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, ‘मला ठाऊक होतं रे. यांनी तेव्हाच सांगितलं होतं, सही करू नको म्हणून. पण मी वाटा मागितला असता तर भाऊबीजेला मी कुणाच्या दारी आले असते?’

राव समितीपुढे १९४५ साली जो आक्षेप आला होता की, वाटा दिल्याने भावा-बहिणीचे प्रेम आटेल, त्याचा खरा अर्थ आम्हास त्या रात्री कळला. प्रेम आटण्याची भीती वाहिली होती ती बहिणीने एकटीने. भावांनी त्या भीतीवर तीन एकर मिळविले होते. समित्या, आयोग, न्यायालये यांनी कायद्यातला दरवाजा उघडला. घराचा दरवाजा मात्र आम्हीच धरून उभे होतो.

नोंदलेले हक्कसोडपत्र आपोआप फिरत नाही. अक्काच्या तीन एकरांपैकी दीड एकर आमच्याकडे व दीड धाकट्या भावाकडे आले होते. आम्ही आमच्याकडील दीड एकराचे बक्षीसपत्र गेल्या वर्षी तिच्या नावे करून दिले. धाकट्याने अद्याप तसे केलेले नाही. त्याचे म्हणणेही ऐकून घेण्याजोगे आहे. जमीन तो कसतो. दुष्काळाची वर्षे त्याने एकट्याने सोसली, तेव्हा आम्ही महिन्याच्या महिन्याला पगार घेत होतो. त्याच्याशी आमचे बोलणे चालू आहे. कायद्याने ज्यास नव्वद वर्षे लागली, त्यास घरात आणखी दोन-चार वर्षे लागली तर आमची तक्रार नाही. नोंदणी झाल्यावर अक्काने कागद हाती घेतला, चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला आणि विचारले, ‘मग आता भाऊबीजेला यायचं की नाही?’ आम्ही म्हटले, ‘अक्का, आता आम्हीच तुझ्या शेतावर येऊ.’

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांत आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे. वडीलधारे जातील, आपण चार दिवसांची रजा काढून गावी जाऊ, कुणीतरी तयार कागद पुढे करील आणि आपणास परतीच्या गाडीची घाई असेल. त्या घाईत एवढेच करावे. बहिणीपुढे कागद ठेवण्यापूर्वी तो तिला मोठ्याने वाचून दाखवावा, तिच्या वाट्याचा आकडा तिला सांगावा, आणि सहीसाठी एक दिवाळी थांबावे. त्यानंतर तिने हक्क सोडला तर ते तिचे औदार्य. ठेवला तर तो तिचा वाटा. आम्ही एक दिवाळी थांबलो नाही, म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले.